घरी केलेला कपड्यांचा साबण बोअरच्या पाण्यात फाटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा बघा. तळणीचं उरलेलं तेल साठवून मी घरीच कपड्यांचा साबण करते, अंगाला लावायचा नाही, फक्त धुणं. गाळलेलं शेंगदाणा तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम, पाणी ३०० मिली, सगळं वजनकाट्यावर तोलून. ग्लोव्हज, चष्मा घालून स्टीलच्या भांड्यात आधी पाणी आणि त्यात हळूहळू कॉस्टिक, उलटं कधीच नाही (आणि अॅल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात घेऊ नका, कॉस्टिक ते खातं). खोबरेल महाग पडतं पण त्याशिवाय वडी मऊच राहते. दीड महिना वाळली की छान टणक होते, हाताला चरचरत पण नाही.

आता अडचण. नळाच्या पाण्यात मस्त फेस येतो, पण उन्हाळ्यात आमचं सगळं बोअरवर आणि ते पाणी इतकं जड की तुरीची डाळ त्यात धड शिजत नाही. त्यात वडी घासली की फेस नाहीच, वर पांढरा चिकट थर येतो, बादलीच्या कडेला मेणचट लागतं, टॉवेल वाळून पापड होतात आणि काळ्या शर्टावर पांढरट पट्टे उठतात ते वेगळेच. साबणात गडबड आहे का पाण्यात? एका व्हिडिओत साबणासोबतच व्हिनेगर टाका म्हणतात, टाकू का?

प्रतिसाद १: ताई, साबण बरोबर आहे. खात्री करायची तर दोन बाटल्या घ्या, एकीत आरओचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्हीत थोडा किसलेला साबण टाकून हलवा, लगेच कळेल. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि तो चिकट थर होतो. आधी बादलीत मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा (खायचा नाही), दहा मिनिटं थांबा, मगच साबण. आणि पहिल्या खळबळायच्या पाण्यातही थोडा सोडा टाका, लोक नेमकं तेच विसरतात, कपड्यात राहिलेला साबण तिथेच फाटतो. व्हिनेगर साबणासोबत नको, आंबटाने साबण फुटून परत तेलकटपणा येतो.

प्रतिसाद २: +१, पण रेशमी आणि लोकरीचे कपडे सोड्यात घालू नका हं, त्यांना रिठ्याचं पाणी बरं. रिठा जड पाण्यात असा फाटत नाही.

धागाकर्ती: बाटल्यांचं करून बघितलं, आरओवाल्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आणि बोअरच्या बाटलीत नुसतं गढूळ! सोडा मागवलाय. आता चादरींचं सांगा, हाताने नाही होत, टॉप लोड मशीनमध्ये हाच साबण किसून टाकला तर चालेल का?

प्रतिसाद १: बोअरच्या पाण्यावर नको, तो थर ड्रमच्या मागे आणि पाइपात बसतो. चादरींना सरळ विकतची पावडर वापरा.