ड्रम स्मोकर: वरचं धुराडं सताड उघडं, खेळायचं ते फक्त खालच्या झडपेशी

निखारेवाला:
कोळशाचा ड्रम स्मोकर, म्हणजे धुरावर मांस हळूहळू शिजवायचं पिंप, वापरणारे दर पाच मिनिटांनी झडपा हलवतात आणि मग बोंबलतात की टेम्परेचर टिकत नाही. माझं मत, वरचं धुराडं पूर्ण उघडं ठेवा, आच खालच्या, हवा आत घेणाऱ्या झडपेनेच कमीजास्त करा. वरून कोंडलं की धूर आतच घुटमळतो आणि मांसावर कडू काळपट थर बसतो, मी खाल्लाय, जीभ बधिर होते. दुसरं म्हणजे सगळा कोळसा एकदम पेटवू नका, बास्केट न पेटलेल्या कोळशाने भरा, मध्ये खळगा करून दहाबारा फुललेले निखारे टाका, आग हळूहळू बाहेर सरकत जाते. १२० सेल्सियस हवं असेल तर १०० लाच झडप आवळायला घ्या. एकदा १५० च्या वर गेला की खाली आणताना रडवतो.

राखाडी:
पेटवायचं पटलं, धुराड्याचं अजिबात नाही. माझ्या ड्रमचं झाकण नीट बसत नाही, खालचं सगळं बंद केलं तरी १४० च्या खाली येईना, शेवटी वरचं अर्धं लावलं तेव्हा उतरला. बाहेर जायलाच वाट नाही तर आत हवा येणार कुठून? आणि कडू थर धुराड्यामुळे नाही हो, पांढरा दाट धूर चालू असतानाच घाईने मांस ठेवल्यामुळे. धूर पातळ निळसर होईपर्यंत थांबायचं.

निखारेवाला:
अहो मग फट बुजवा ना! झाकणाखाली उष्णता सहन करणारी पट्टी लावा, पाच मिनिटांचं काम. आणि आग गुदमरली की धूर परत पांढराच होतो, म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

काटेकोर:
दोघंही कशाच्या जोरावर भांडताय, झाकणावरच्या तापमानाच्या काट्याच्या? माझा काटा १०५ दाखवत होता, मांस ठेवायच्या जाळीच्या मध्यावर प्रोब (तापमान मोजायची सळई) लावला तर १३०. मी खाली हवा ढकलणारा छोटा पंखा आणि तापमान बघून तो चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवलाय, रात्रभर झोपतो.

राखाडी:
पंखा लावून सुद्धा झाकण उघडलं की काय होतं ते सांगा की. हवा भसकन आत, निखारे लालभडक, आणि झाकण लावल्यावर दहा मिनिटांत २० अंश वर. पंखा हवा ढकलू शकतो, ओढून घेऊ शकत नाही.

काटेकोर:
मग उघडू नका. इतकं सोपंय.

नवशिका:
मध्येच विचारतो. काल मांसाचं आतलं तापमान ६८ ला अडकलं, दोन तास हलेना, मी घाबरून झडप पूर्ण उघडली आणि ड्रम १८० ला. आग विझत होती का?

निखारेवाला:
नाही रे, आग ठीक होती. मांसाला घाम येतो, तो वाळताना गारवा देतो, म्हणून ते अडकतं. ड्रमचं तापमान स्थिर असेल तर हात मागे बांधून बस, नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळ. ड्रमचंच घसरत असेल तर मात्र राख बघ, पाचसहा तासांनी खालची भोकं बुजतात, बास्केटला हलका धक्का दिला की काम होतं.

राखाडी:
हे मान्य. पट्टी लावून बघतो पुढच्या वेळी, पण धुराड्याची झडप काही काढून टाकत नाही, सांगून ठेवतो.