समोरची कंपनी अपील मागे घेतेय, सही करू का?

भोसरीकर:
एमआयडीसीत आमचं प्रेस-शॉप आहे, पत्रा दाबून सुटे भाग बनवायचं, छोटी प्रायव्हेट लिमिटेड. एका मोठ्या कंपनीने ब्रॅकेटचे पैसे थकवले. पुण्याच्या कमर्शियल कोर्टात ३८ लाख अधिक व्याज अशी डिक्री मिळाली. ते मुंबई हायकोर्टात अपिलात गेले, कोर्टात १९ लाख जमा करून डिक्रीच्या वसुलीला स्टे घेतला. आता निरोप आलाय, ३४ लाखांत मिटवू, अपील मागे घेतो. मला चालेल, तारखांना जाऊन चपला झिजल्या. पण त्यांच्या वकिलाचा मसुदा तीनच ओळींचा आहे. अपील मागे, खर्चाचा आदेश नाही, आणि 'जमा रक्कम व्याजासह अपीलकर्त्यास परत'. आम्हाला म्हणे पुढच्या तारखांचे चार चेक. आमचे वकील गावी गेलेत आणि हे उद्याच सही मागतायत.

दरखास्तवाले काका:
तिसऱ्या ओळीखाली सही म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. चेकवर जगता आलं असतं तर तुम्ही कोर्टात गेला असतात का?
नुसतं अपील मागे घेतलं तर तुमची डिक्री जशीच्या तशी उभी राहते. ३४ लाखांत मिटलं ही सूट कोर्टाच्या कागदावर यावी ही गरज त्यांची. बाहेरच्या बाहेर झालेली फेड कोर्टात नोंदली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर २१ नियम २ प्रमाणे दरखास्तीत, म्हणजे डिक्रीच्या वसुलीच्या अर्जात, ती धरतच नाहीत. म्हणजे घाई त्यांना आहे.
त्याच संहितेच्या ऑर्डर २३ नियम ३ खाली कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटी, करा, लेखी, दोन्हीकडच्या सह्यांनी. रजिस्ट्रीतले (कोर्टाच्या कार्यालयात जमा असलेले) १९ लाख साठलेल्या व्याजासह तुम्ही उचलायचे, हे त्यातच घाला. उरलेले १५ आरटीजीएसने, तारखेसकट. त्यांच्या सही करणाऱ्याचा बोर्ड रेझोल्यूशन (संचालक मंडळाचा ठराव) मागायला विसरू नका. आणि एकदा संमतीची डिक्री झाली की कलम ९६(३) मुळे त्यावर अपील नाही, म्हणून प्रत्येक ओळ वाचा.

फोर्टातली वकीण:
काकांशी सहमत. हप्ता चुकला तर काय, हे मात्र शब्द जपून लिहा. 'चुकल्यास ४ लाख जादा' लिहिलंत की ते दंड म्हणून भांडतील. '३८ लाख व व्याज देणं मान्य. अमुक तारखेपर्यंत ३४ दिल्यास बाकी माफ' असं लिहा. सूट गेली तर तो दंड नव्हे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या सबलोक विरुद्ध शिंदे निकालात केलाय. मग प्रेसिपी (सुनावणी लावण्याचा लेखी विनंती अर्ज) देऊन मॅटर कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्या.

भोसरीकर:
सही केली नाही. तिसरी ओळ खोडून मसुदा परत पाठवला. तासाभरात त्यांच्या अकाउंट्सवाल्याचा फोन, "साहेब, १९ वरचं व्याज तरी आम्हाला ठेवा ना." म्हटलं, आमचे वकील सोमवारी येतायत, त्यांच्याशी बोला.