डोंबारी चिमणीची मादी माळावर कशी ओळखायची?

माळकरी:
सासवडच्या बाजूच्या माळांवर डोंबारीचा नर सहज कळतो. राखी टोपी, पांढरे गाल, डोळ्यातून जाणारी काळी पट्टी, खालून सगळा काळा. घोडं अडतं ते मादीपाशी. मातकट रंग, दुरून थेट घरचिमणी! नर जवळपास नसेल तर काय बघायचं? आणि डोळ्यांदेखत उतरलेला पक्षी गायब होतो, त्याला उपाय?

टिटवी:
रंगाआधी चाल बघा. घरचिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते. डोंबारी पावलं टाकत, नागमोडी, तुरुतुरु धावते. नावात चिमणी असली तरी कुळ चंडोलाचं. पाय आखूड, म्हणून पोट मातीला टेकल्यासारखं दिसतं. चोच मात्र चिमणीसारखीच जाड नि आखूड, आणि तिथेच फसगत होते. घरचिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई आणि पाठीवर ठळक काळ्या रेघा असतात. डोंबारीच्या मादीची पाठ बरीचशी एकरंगी. झाडाच्या फांदीवर बसलेली ‘डोंबारी’ नोंदवली असेल, तर ती नोंद एकदा तपासाच.

खडकवाट:
दाट, उंच गवतात शोधू नका. उघडा मुरूम, नांगरून पडलेलं रान, खुरटं विरळ गवत, बैलगाडीच्या वाटेची कड, ही तिची जागा. चाहूल लागली की ती दबून बसते आणि हलेपर्यंत ढेकूळच वाटते. म्हणून पुढे चालून जाऊ नका. ८×४२ दुर्बीण उतरल्या जागेच्या आसपास धरून दोन-तीन मिनिटं थांबा. ऊन पाठीशी हवं, नाहीतर सगळेच पक्षी काळे.

विणीच्या दिवसांत कान द्या. नर फडफडत साधारण ३० मीटर वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा उसळतो. सोबत लांबट शीळ. डोंबारी हे नाव या कसरतीवरूनच. शेवटी तो दगडावर किंवा ढेकळावर उतरतो. मादी बहुधा तिथेच आसपास चरत असते.

टिटवी:
त्या वेळी पाय जपून टाका. घरटं म्हणजे जमिनीतली उथळ खळगी, कडेला बारीक खडे, आत दोन-तीन अंडी. फोटोसाठी रेंगाळलात तर पालक दूर राहतात आणि अंडी उन्हात तापतात.

माळकरी:
चालीचा मुद्दा पटला. कच्छातही हेच निकष चालतील?

खडकवाट:
चिमणी की चंडोल, एवढ्यापुरते चालतील. तिथे काळ्या माथ्याची दुसरी जातही आहे. नराचं कपाळ पांढरं, माथा काळा. एकट्या मादीवरून जात ठरवायची घाई नको.