मदत हवी आहे : ऑर्किडच्या जाती डोंगराच्या मध्यावरच जास्त का?

वाटसरू
प्रबंधाचं प्रकरण जमा करायची तारीख तोंडावर आलीय आणि मी एकाच आलेखापाशी अडकलोय. खालून वर जाताना रानटी ऑर्किडच्या जाती वाढत जातात, मध्यावर सर्वाधिक होतात, मग झपाट्याने घटतात. मार्गदर्शक म्हणतात, कारण लिहा. तापमान की पाऊस? लवकर सांगा.

ढगफूल
पायथा आणि माथा किती उंचीवर आहे? झाडांवरच्या आणि जमिनीतल्या जाती एकत्र धरल्यात का?

बागवेडी
सालीच्या तुकड्यावर शेवाळ बांधून लावा, छान धरतात. पाणी बेतानं घाला, मुळं कुजतात. उंचावरची खाली टिकत नाहीत, खालचीच काढून आणा.

जुनीपानं
काढून कशाला आणायची? ऑर्किडचं अख्खं कुळ साइटीसच्या, म्हणजे रानटी जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. शिवाय बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा नाही. योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. एक रोप उपटलं की तिथे दुसरं सहज येत नाही.

वाटसरू
बागवेडी, मला लावायची नाहीत. पायथा ४००, माथा २६०० मीटर, २०० मीटरचे पट्टे. सगळ्या जाती एकत्रच मोजल्या. वेगळ्या कशाला करायच्या?

ढगफूल
कारण दोघींची गरज वेगळी. झाडावरचीला मातीतलं पाणी मिळत नाही, ती मुळांवरच्या स्पंजासारख्या थराने पाऊस आणि धुकं टिपते. म्हणून जिथे ढग रेंगाळतो, फांद्या शेवाळाने भरतात, तिथे तिची गर्दी. खाली कोरडं पडतं, फार वर हिमदव पडतं आणि झाडंच संपतात. जमिनीतली मात्र कंदाच्या जोरावर हिवाळा काढते. हिमालयातला सलामपंजा हा जमिनीतला ऑर्किड वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांतही असतो. तुमच्या आलेखाचा उंचवटा बहुधा झाडावरच्यांचा आहे.

गणिती
हवामानापर्यंत पोचायची घाई नको. पायथा आणि माथा या दोन भिंती. प्रत्येक जातीचा उंचीचा पल्ला त्यांच्यामध्ये कसाही टाका, मधेच जास्त पल्ले एकमेकांवर येतात. ढग नसले तरी उंचवटा दिसतो. आधी हे तपासा.

ढगफूल
तसं असतं तर जमिनीतल्यांचाही उंचवटा बरोबर मध्यावर हवा. पुष्कळ डोंगरांवर दोन्ही गटांचे उंचवटे एका जागी येत नाहीत.

गणिती
म्हणूनच तपासा म्हणतोय, मान्य करा म्हणत नाही. आणि वाटसरू, प्रत्येक पट्ट्यात चौकटी, म्हणजे मोजणीसाठी आखलेले तुकडे, किती?

वाटसरू
मधल्या पट्ट्यांत जास्त. मुक्काम तिथेच होता. वर सरळ कडा, चढता येत नाही.

गणिती
हे पहिल्याच प्रश्नात हवं होतं! जास्त शोधलं तिथे जास्त सापडलं, एवढंही कारण असू शकतं. सर्वात कमी चौकटींच्या पट्ट्याएवढ्याच चौकटी प्रत्येक पट्ट्यातून यादृच्छिक निवडा, पुन्हा पुन्हा, आणि जातींची सरासरी काढा. उंचवटा उरला तरच कारणं शोधा.

जुनीपानं
अधिवासही नोंदवा. एकाच उंचीवर ओढ्याकाठची सावली आणि उघडा कातळ यांतल्या जाती निराळ्या. परागवाहकही पाहा, वर मधमाश्या विरळ होतात, माश्यांवर भिस्त वाढते. आणि दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणं प्रबंधात छापू नका, खणून नेणारे वाचतात.

वाटसरू
दोन्ही गट वेगळे करून चौकटी समान केल्या. झाडावरच्यांचा उंचवटा टिकला, पण १४०० वरून १२०० मीटरवर सरकला. जमिनीतल्यांचा जवळजवळ सपाट झाला. आता धुक्याची नोंद कुठून आणू? पर्जन्यमापक फक्त पायथ्याला आहे.

ढगफूल
खोडांवर शेवाळाचा थर किती, ते प्रत्येक पट्ट्यात मोजा. ढगाचा अंदाज त्यावरून बराच येतो.