पक्षांच्या विचारधारेतला खरा फरक नक्की कुठे बघायचा?

कोरी पाटी:
मतदार यादीत पहिल्यांदाच नाव आलंय आणि मला खरंच समजून मत द्यायचंय. घरी विचारलं तर बाबा म्हणतात सगळे एकाच माळेचे मणी, कॉलेजात मैत्रिणी डावे-उजवे असं काय काय बोलतात. म्हणून मी भाजप आणि काँग्रेसचे २०२४ चे लोकसभेचे जाहीरनामे वाचायला घेतले तर दोन्हीकडे तरुण, महिला, शेतकरी, मथळे जवळपास तेच! मग विचारधारेचा फरक येतो कुठे? कुठला पक्ष चांगला ते नका सांगू प्लीज, फरक ओळखायचा कसा तेवढं सांगा.

जुना वाचक:
छान प्रश्न. डावे-उजवे हे माप आपल्याकडे अर्धवटच बसतं, म्हणून गोंधळ होतो. पैशाचे प्रश्न आणि ओळखीचे प्रश्न आधी वेगळे काढ.

पैशाचं बघ. काँग्रेसने १९५५ ला मद्रासजवळच्या आवडी या गावी झालेल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, त्या धोरणाला विरोध म्हणून १९५९ मध्ये राजगोपालाचारी वगैरेंनी स्वतंत्र पक्ष काढला, सरकारने उद्योगधंद्यातून हात काढावा असं त्यांचं म्हणणं, आणि शेवटी १९९१ ला लायसन्स राज, म्हणजे उद्योग काढायला सरकारी परवाना लागायची पद्धत, मोडलं ते काँग्रेसच्याच नरसिंह राव सरकारने. भाजपने १९८० मध्ये स्थापनेनंतर गांधीवादी समाजवाद स्वीकारला होता, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पुढे २०१२ ला मल्टिब्रँड रिटेलमध्ये, म्हणजे अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला मनमोहन सिंग सरकारने परवानगी दिली तेव्हा भाजप विरोधात होता, जीएसटीलाही त्या काळात गुजरात, मध्य प्रदेशातल्या भाजप सरकारांचा विरोध होता आणि १ जुलै २०१७ ला तो लागू केला भाजपच्याच सरकारने. इथे कोण सत्तेत आणि कोण विरोधी बाकावर यावरून भूमिका ठरली. एवढ्यापुरतं बाबांचं बरोबर आहे.

ओळखीच्या प्रश्नांवर मात्र तसं नाही. कलम ३७०, राम मंदिर, समान नागरी कायदा हे भाजपचे तीन जुने मुद्दे, वाजपेयींच्या आघाडी सरकारात मित्रपक्षांमुळे ते बाजूला ठेवावे लागले पण पक्षाने सोडले नाहीत, स्वतःचं बहुमत आल्यावर ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरचं ३७० हटवायचा निर्णय झालाच. आता तू ते दोन जाहीरनामे परत उघड आणि मथळे सोडून आतलं वाच, एकात समान नागरी कायदा आणि एक देश एक निवडणूक, दुसऱ्यात जातनिहाय जनगणना आणि आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा उठवणार. देश म्हणजे काय आणि त्यात कुणाला किती वाटा, याची दोन वेगळी उत्तरं आहेत ती.

रानवारा:
वरचं पटलं, पण पैशाच्या प्रश्नात फरकच नाही असं नका म्हणू, आम्ही तो अंगावर अनुभवलाय. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा घ्या. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकार-खाजगी भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती लागते, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास. तो संसदेत आला तेव्हा भाजपनेही पाठिंबा दिलेला. आणि सत्तेत आल्यावर डिसेंबर २०१४ ला वटहुकूम काढून औद्योगिक कॉरिडॉर, परवडणारी घरं अशा पाच प्रकारांना संमतीतून सूट दिली, उद्योग यायचे तर जमीन लवकर मिळायला हवी हा त्यामागचा विचार.

त्याच सुमारास आमच्या गावात एका प्रकल्पाची नोटीस चावडीवर लागली. माझे वडील आणि चुलते, एक कमळवाला एक पंजावाला, जन्मात राजकारणावर एकमत नाही, ते दोघं ओट्यावर सातबारा आणि संमतीचा फॉर्म मांडून बसले होते आणि वडील एकच विचारत होते, आपली सही लागणार आहे का नाही? सही लागणार का नाही, हाच दोन धोरणांतला फरक ना! वटहुकुमाला सत्तेतल्या शिवसेनेनेही विरोध केला, शेवटी ऑगस्ट २०१५ अखेर सरकारने तो संपू दिला. आमची जमीन आज आमच्याकडे आहे. पण चुलते तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणतात की कारखाना आला असता तर पोरं पुण्याला गेली नसती, आणि त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही.

समईची वात:
या चर्चेत दोनच पक्ष दिसतायत म्हणून लिहिते. २००८ ला अमेरिकेशी अणुकरार झाला तेव्हा डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला आणि पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या जागा खूप घटल्या, म्हणजे पटो न पटो पण भूमिकेसाठी किंमत मोजली. आणि महिला आरक्षण बघ, मार्च २०१० मध्ये राज्यसभेत काँग्रेस, भाजप, डावे तिघं एका बाजूला आणि समाजवादी पक्ष, राष्ट्रीय जनता दल विरोधात, ओबीसी महिलांना त्यात वेगळा कोटा हवा ही त्यांची मागणी. मी स्वतः महिला आरक्षणाच्या बाजूची आहे तरी ती मागणी मला आजही रास्त वाटते. डावं-उजवं लावून हे भांडण कळणारच नाही, मंडल आयोग, म्हणजे ओबीसी आरक्षणाचा वाद समजून घ्यावा लागतो.

कोरी पाटी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. रानवारा, ओट्यावरचं वाचून गलबलून आलं. एक शंका, खासदाराने कुठे मत दिलं त्यावरून त्याचे विचार कळतील का?

जुना वाचक:
नाही, त्याचे स्वतःचे नाही कळत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मत पक्षाचंच असतं, आणि बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात तिथे कुणी कसं मत दिलं याची नोंदच राहत नाही. त्यापेक्षा चर्चेतली भाषणं वाच, संसदेच्या वेबसाईटवर असतात. सुरुवातीला एकच विधेयक धर, तुझ्या घराशी संबंध असलेलं, आणि तोच पक्ष सत्तेत असताना काय बोलला आणि विरोधात असताना काय बोलला ते शेजारी शेजारी ठेवून वाच. बाबांनाही बसव सोबत.