फर्लरवर हॅलयार्ड गुंडाळला जातो. बेअरिंग बदलावे का?

खारावारा:
नमस्कार. माझी २६ फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मुरिंगवर असते. मागच्या रविवारी मांडव्याहून परतताना, दुपारचा खारा वारा चांगलाच भरलेला असताना, पुढचे शीड फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेवर) गुंडाळायला घेतले, तर तीन-साडेतीन वेढ्यांनंतर तिचा खालचा, दोराने फिरणारा ड्रम पुढे फिरेना. दोर ड्रममध्येच अडकला असावा, असे समजून मी तो विंचवर (दोर जोराने ओढणाऱ्या, हँडलच्या चरखीवर) घेतला आणि हँडल थोडे फिरवल्यावर मान वर केली, तेव्हा हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकाकडे येणाऱ्या तारेच्या, वरच्या टोकाला वेलीसारखा लपेटलेला दिसला. शीड पुन्हा उलगडून आणि हॅलयार्ड जरासा ढिला करून सुटका झाली. हे शीड गेल्या पावसाळ्यात दुरुस्त केले, तेव्हा वरचा कुजलेला भाग कापावा लागला होता. त्यापूर्वी हा त्रास कधीच नव्हता. फर्लर जुना आहे, म्हणून ड्रमचे बेअरिंग बदलण्याचा विचार आहे.

डोलकाठी:
बेअरिंगवर खर्च करण्याआधी कापलेल्या शिडाकडे पाहा, कारण दोष बहुधा तिथेच आहे. शीड गुंडाळताना वरच्या स्विव्हलचा (शिडाचे टोक आणि हॅलयार्ड यांना जोडणाऱ्या फिरत्या सांध्याचा) खालचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि हॅलयार्डला जोडलेला वरचा भाग जागच्या जागी राहायला हवा. त्याला जागेवर धरून ठेवतो तो हॅलयार्डचा मागे, डोलकाठीकडे असलेला ताण. हॅलयार्ड आणि फोरस्टे यांच्यात साधारण ८ ते १० अंशांचा कोन असेल तर हा ताण पुरतो. शीड आखूड झाले की स्विव्हल खाली राहतो, हॅलयार्ड फोरस्टेला जवळजवळ समांतर होतो आणि स्विव्हलमधले किरकोळ घर्षणही त्याला फॉइलभोवती (फोरस्टेवर बसवलेल्या, शिडाबरोबर फिरणाऱ्या नळीभोवती) ओढून नेते.

शिडाचे टोक आणि स्विव्हल यांच्यामध्ये डायनिमाच्या (न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोराचा तुकडा घाला, म्हणजे शीड आहे तिथेच राहील आणि स्विव्हल वर जाईल. मात्र स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकाबाहेर निघता कामा नये, कारण तसे झाल्यास तो तिथे अडकून नवेच दुखणे मागे लागते.

आणि विंचचे म्हणाल, तर ते पुन्हा करू नका. फर्लर हाताने फिरत नसेल तर काहीतरी अडले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. विंचच्या जोराने फॉइल पिळले जाते, फोरस्टेच्या तारांचा पीळ उकलू लागतो, आणि डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार तर तीच आहे.

निळेपाणी:
डोलकाठीवर, हॅलयार्ड जिच्यावरून जातो त्या पुळीच्या थोडे खाली, हॅलयार्ड मागे खेचून धरणारा रिस्ट्रेनर बसवला तर तुकड्याची गरज राहणार नाही, असे मला वाटते. माझ्या बोटीवर तो पाच वर्षे विनातक्रार चालला आहे.

डोलकाठी:
पुळी आणि फोरस्टे यांची रचनाच अशी असेल की स्विव्हल पूर्ण वर नेऊनही कोन मिळत नाही, तर रिस्ट्रेनर हाच मार्ग आहे. येथे शीड कापेपर्यंत सर्व सुरळीत होते, म्हणजे रचनेत दोष नाही. शिवाय रिस्ट्रेनरमुळे दोराला एक जादा वळण पडते आणि तो तिथे घासतो. आधी तुकडा लावून पाहावे, रिस्ट्रेनरसाठी डोलकाठीला भोके नंतर पाडता येतील.

मतलई:
दोन गोष्टी जोडतो. स्विव्हल खाली उतरवून गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि बोटाने फिरवून पाहा; मीठ साचले असेल तर खरखर लगेच कळते. ग्रीस मात्र उत्पादकाने सांगितले असेल तरच लावा, कारण काही फर्लरांची बेअरिंगे कोरडीच चालण्यासाठी बनवलेली असतात. दुसरे म्हणजे, रिकामा स्पिनेकर हॅलयार्ड (पुढच्या मोठ्या फुगीर शिडाचा दोर) पुढे पल्पिटला, म्हणजे बोटीच्या टोकावरच्या कठड्याला, बांधून ठेवण्याची सवय असल्यास तो डोलकाठीपाशी न्या, कारण तोही याच रीतीने वेढ्यात सापडतो.

खारावारा:
सर्वांचे आभार. शीड पूर्ण चढवून धक्क्यावरून झूम करून फोटो काढला, तेव्हा स्विव्हल फॉइलच्या टोकापासून अंदाजे ४५ सेंटीमीटर खाली आढळला. ३८ सेंटीमीटरचा तुकडा घातला आणि काल तशाच वाऱ्यात शीड सहा वेळा गुंडाळले. दोर एका हाताने ओढता आला. स्विव्हल धुताना पांढरट पाणी निघाले, पण खरखर नव्हती. हॅलयार्डचे वेष्टन मात्र हातभर लांबीत चपटे होऊन काचेसारखे गुळगुळीत झाले आहे, म्हणून ते टोक कापून गाठ नव्याने मारली. फोरस्टेचे वरचे टोक येथून दिसत नाही. मे महिन्यात बोट किनाऱ्यावर काढल्यावर डोलकाठी उतरवून तेही तपासून घेईन, कारण विंचचे हँडल मी नेमके किती फिरवले होते, ते आता मला आठवत नाही.