मदत हवी आहे: सैन्यातला अनुभव बायोडेटात कसा मांडायचा?

नमस्कार. माझा दादा १७ वर्षांच्या सेवेनंतर सैन्यातून निवृत्त होतोय. काम पुरवठ्याचं: साठा, वाहनं, सुटे भाग, हाताखाली ४० माणसं. बायोडेटात मात्र नुसते हुद्दे आणि युनिटची नावं. नागरी कंपनीतल्या माणसाला त्यातून काय कळणार?

पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेचा विचार चाललाय. त्यासाठी ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते होईल. पण प्रकल्प सांभाळल्याचा अनुभवही दाखवावा लागतो, आणि लष्करी कामांतलं नेमकं काय 'प्रकल्प' म्हणून लिहायचं हे उमगत नाही. कुणी हा बदल स्वतः केलाय का? बायोडेटा तपासून देणारं, मुलाखतीचा सराव घेणारं कुणी असेल तर कृपया सांगा. एवढी जबाबदारी पेललेला माणूस 'मला बाहेरचं काहीच येत नाही' म्हणतो, ते ऐकवत नाही.